अमेरिकी ट्रक ड्रायव्हरांच्या दारू-ड्रग्ज नोंदी: क्लिअरिंगहाउस सांभाळायचं कसं?

अमेरिकेतल्या ट्रकिंग कंपन्यांचं बॅक-ऑफिस रात्रपाळीत बसून सांभाळणारी आपल्याकडची मुलं-मुली आहेत. तिकडे राहून स्वतःचे एक-दोन ट्रक चालवणारी मराठी मंडळीही आहेत. डिस्पॅचवाला लोड शोधतो, अकाउंट्सवाला बिलांच्या मागे लागतो, आणि ‘सेफ्टी’च्या टेबलावर ज्याला बसवतात त्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक शब्द दहादा पडतो: क्लिअरिंगहाउस. लॉगिन हातात देतात, पण नेमकं काय, कधी, कोणी करायचं हे नीट बसून कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी ही भानगड आली कुठून ते थोडक्यात. पूर्वी एखादा ड्रायव्हर टेक्ससमधल्या कंपनीत ड्रग टेस्टमध्ये सापडला, तर तो नोकरी सोडायचा आणि ओहायोतल्या दुसऱ्या कंपनीच्या अर्जात त्या जुन्या मालकाचं नावच लिहायचा नाही. नवा मालक विचारणार कोणाला? ही फट बुजवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने २०१२च्या कायद्यात देशपातळीवरच्या नोंदवहीची तरतूद केली, डिसेंबर २०१६मध्ये नियम आले आणि ६ जानेवारी २०२०ला ‘ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउस’ सुरू झालं. चालवते एफएमसीएसए, म्हणजे अमेरिकी परिवहन खात्यातली ट्रक आणि बस सुरक्षेची यंत्रणा. नियम ‘पार्ट ३८२’मध्ये आहेत आणि टेस्ट प्रत्यक्ष कशी घ्यायची ते ‘पार्ट ४०’मध्ये. हे दोन आकडे पाठच करून टाका, रोज लागतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हे काम नशेचं कमी आणि तारखांचं जास्त आहे. क्वेरी, म्हणजे क्लिअरिंगहाउसमध्ये ड्रायव्हरची नोंद तपासणं, एक दिवस उशिरा झाली, कन्सेंटचा म्हणजे संमतीचा कागद सापडला नाही, रिपोर्ट चौथ्या दिवशी गेला, असल्या गोष्टींनी कंपनी अडकते. त्यामुळे खाली मी तारखा आणि घड्याळांवर जास्त वेळ घालवणार आहे.

तुमचा ड्रायव्हर यात बसतो का?

सीडीएल, म्हणजे कमर्शियल लायसन्स, किंवा त्याचं शिकाऊ परमिट असलेला आणि सीडीएल लागणारं वाहन चालवणारा प्रत्येक जण यात येतो. वाहन कोणतं? २६,००१ पाउंड किंवा त्याहून जास्त क्षमतेचं, ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त माणसं नेणारं, किंवा फलक लावावा लागतो इतका धोकादायक माल नेणारं. कॅनडा-मेक्सिकोतून येऊन अमेरिकेत गाडी चालवणारेही यात येतात. २६,००० पाउंडांचा बॉक्स ट्रक साध्या लायसन्सवर चालवणारा येत नाही. अशा ड्रायव्हरची क्वेरी ‘असू दे, सुरक्षित’ म्हणून टाकू नका. ज्याला नियमच लागू नाही त्याची खासगी माहिती बघायचा तुम्हाला अधिकार नाही.

खातं, आणि खात्यावर कोण बसणार

कंपनीची नोंदणी लॉगिन डॉट गव्हच्या खात्यातून होते आणि ती कंपनीच्या डीओटी नंबरशी, म्हणजे परिवहन खात्याने कंपनीला दिलेल्या नंबरशी, जोडली जाते. त्यानंतर क्वेरी विकत घ्यायच्या. एका क्वेरीला सव्वा डॉलर, मर्यादित असो वा पूर्ण. घेतलेल्या क्वेरी मुदतबाह्य होत नाहीत, त्यामुळे वीस ड्रायव्हरांच्या कंपनीने पन्नासेक घेऊन ठेवल्या तर पैसे वाया जात नाहीत. ही खरेदी कंपनीनेच करायची असते. बाहेरची एजन्सी तुमच्या वतीने क्वेरी चालवू शकते, विकत घेऊ शकत नाही.

या एजन्सीला सी-टीपीए म्हणतात. रँडम टेस्टची, म्हणजे नावं अचानक निवडून घ्यायच्या टेस्टची, यादी काढणं, लॅबशी बोलणं, नोंदी करणं ही कामं ती करते. क्लिअरिंगहाउसमध्ये जाऊन तिला अधिकृतपणे नेमावं लागतं, नुसता करार करून भागत नाही. एकच ट्रक आणि स्वतःच ड्रायव्हर असेल, तर सी-टीपीए नेमणं बंधनकारकच आहे. स्वतःच मालक, स्वतःच चालक असलेला माणूस स्वतःची रँडम निवड कशी करणार आणि स्वतःविरुद्ध रिपोर्ट तरी कसा करणार!

भारतात बसलेल्यांनी इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. टेस्टचे निकाल घेणारा आणि ड्रायव्हरला तत्काळ कामावरून उतरवणारा जो ‘डीईआर’ असतो, तो कंपनीचा स्वतःचा माणूस लागतो. सेवा पुरवणाऱ्या बाहेरच्या संस्थेला डीईआर होता येत नाही. म्हणजे पुण्यातल्या आउटसोर्सिंग ऑफिसमधल्या कोणाचं नाव त्या जागी टाकलेलं असेल, तर ते आजच बदलून घ्या. तुम्ही कागद तयार ठेवू शकता, तारखांवर नजर ठेवू शकता, आठवण करू शकता. गाडीवरून उतरवण्याचा फोन मात्र तिकडच्या माणसाचा. आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. कंपनी आपल्या खात्याखाली सहायक म्हणून माणसं जोडू शकते, त्यामुळे मालकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवण्याची काही गरज नाही.

नवा ड्रायव्हर: उत्तर आल्याशिवाय किल्ली नाही

रुजू होण्याआधी दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. एक, क्लिअरिंगहाउसमधली पूर्ण क्वेरी, म्हणजे नोंदीचा तपशील दाखवणारी. दोन, नोकरीपूर्व ड्रग टेस्टचा निगेटिव्ह निकाल. नवखे लोक एक झालं की दुसरं झालं असं धरून चालतात. क्वेरी मागचं सांगते, टेस्ट आजचं सांगते, आणि दोन्ही हातात आल्याशिवाय त्याला ट्रकवर बसवायचं नाही. ‘लोड उद्या पहाटेचा आहे, निकाल वाटेत येईलच’ असं डिस्पॅचवाला म्हणेल. रोज म्हणेल. नाही म्हणायला शिका.

पूर्ण क्वेरीसाठी ड्रायव्हरने स्वतःच्या खात्यातून संमती द्यावी लागते, कागदावरची सही चालत नाही. खरा वेळ इथेच जातो, म्हणून इथे थोडं रेंगाळू. तुम्ही नाव, जन्मतारीख, सीडीएल नंबर, राज्य टाकून विनंती पाठवता. ड्रायव्हरचं खातं असेल तर त्याला ईमेल जातो. खातंच नसेल तर लायसन्सवरच्या पत्त्यावर टपालाने पत्र जातं, आणि तो माणूस तीन आठवडे घराबाहेर रस्त्यावर! म्हणून अर्ज भरून घेतानाच त्याला नोंदणी करायला लावा. ड्रायव्हरला नोंदणी फुकट आहे आणि स्वतःची नोंद बघणंही फुकट.

खातं असूनही गाडं अडतं, त्याची कारणं ठरलेली असतात. ड्रायव्हर ओहायोतून टेक्ससला राहायला गेला, नवं लायसन्स निघालं, नंबर बदलला, पण क्लिअरिंगहाउसच्या खात्यात जुनाच नंबर आहे. किंवा खातं उघडताना दिलेला मोबाइल हरवला, आता लॉगिनचा कोडच येत नाही. किंवा ईमेल स्पॅममध्ये पडलाय. ड्रायव्हरला फोन लावल्यावर याच तीन गोष्टी याच क्रमाने विचारा, निम्मं काम फोनवरच होतं.

त्याने संमती नाकारली तर? जबरदस्ती नाही, पण मग त्याला गाडी देता येत नाही. विषय संपला.

उत्तरात ‘प्रतिबंधित’, म्हणजे गाडी चालवायला मनाई, असं आलं तर नेमणूक थांबवा. ‘प्रतिबंधित नाही’ आलं तर पुढे जा, पण तपशील वाचून. पूर्वी चूक झाली, उपचार झाले, परतीची (कामावर परतण्याआधीची) टेस्ट निगेटिव्ह आली आणि आता फॉलो-अप (परतल्यानंतरच्या) टेस्ट चालू आहेत, असा ड्रायव्हरही ‘प्रतिबंधित नाही’ मध्येच दिसतो. त्याला घेतलंत तर उरलेल्या फॉलो-अप टेस्ट तुमच्या गळ्यात. त्या टेस्टचा आराखडा क्लिअरिंगहाउसमध्ये नसतो, जुन्या मालकाकडून मागवावा लागतो. क्वेरी केल्यापासून ३० दिवसांत त्या ड्रायव्हरच्या नोंदीत काही नवं आलं, तर तुम्हाला सूचना येते. ती येणारी मेलपेटी रोज कोणीतरी उघडतंय ना, ते बघा.

६ जानेवारी २०२३पासून मागच्या ट्रकिंग मालकांना ड्रग-अल्कोहोलबद्दल वेगळं पत्र पाठवायची गरज उरलेली नाही, क्वेरीत ते भागतं. पण उमेदवाराने मागच्या तीन वर्षांत रेल्वे, विमान, सार्वजनिक वाहतूक, पाइपलाइन अशा परिवहन खात्याच्या दुसऱ्या शाखेखाली काम केलं असेल, तर तिथे पूर्वीसारखीच लेखी चौकशी करायची. त्या शाखांच्या नोंदी या वहीत येत नाहीत. अर्जातला नोकरीचा इतिहास वाचताना सिटी बसवाला कोणी दिसला की थांबा.

एकदा सोडून गेलेला ड्रायव्हर परत आला, तर तो नवाच. वर्षाची क्वेरी झाली होती म्हणून भागत नाही.

दर वर्षाची क्वेरी

कामावर असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची वर्षातून एकदा तरी क्वेरी हवी. इथे मर्यादित क्वेरी चालते. ती फक्त ‘नोंद सापडली’ की ‘नाही’ एवढंच सांगते. हिची संमती क्लिअरिंगहाउसच्या बाहेर, कंपनीच्या साध्या फॉर्मवर घेता येते. संमती ‘नोकरीवर असेपर्यंत’ अशा शब्दांत घेतली तर दर वर्षी सह्यांसाठी धावावं लागत नाही. रुजू होतानाच्या कागदांत हा फॉर्म घालून टाका.

तारीख कशी धरायची? प्रत्येकाच्या रुजू तारखेवरून चालवलं तर वर्षभर काम चालूच राहतं आणि एखादा निसटतो. त्यापेक्षा सगळ्यांची एकच खेप ठरवा आणि ती मागच्या खेपेच्या ३६५ दिवसांच्या आतच संपवा. मी एक महिना अलीकडेच धरायला सांगेन. दर वर्षी थोडी अलीकडे आली तरी चालतं, उशिरा गेली तर नाही.

सगळ्यांची एकत्र क्वेरी करायला टेक्स्ट फाइल चढवायची सोय आहे. या फाइलमध्ये आपली माणसं दोन ठिकाणी हटकून अडकतात. एक म्हणजे जन्मतारीख: तिकडे महिना आधी, दिवस नंतर. संगणकाची सेटिंग भारतीय असेल तर एक्सेल ५ ऑगस्टचं ८ मे करून टाकतं, आणि दोन्ही तारखा खऱ्या वाटत असल्याने डोळ्याला खटकतही नाही. १३ किंवा त्यापुढच्या तारखेला जन्मलेले लगेच एरर देतात, १२ तारखेपर्यंतचे गुपचूप चुकीचे जातात. दुसरं, काही लायसन्स नंबर शून्याने सुरू होतात आणि एक्सेल तो शून्य गिळतं. दोन्ही रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, मग माहिती चिकटवा. फाइल चढवण्याआधी पाच ड्रायव्हरांची नोंद प्रत्यक्ष लायसन्सच्या फोटोशी ताडून बघा.

आता महत्त्वाचं. मर्यादित क्वेरीत ‘नोंद सापडली’ आलं, तर २४ तासांच्या आत पूर्ण क्वेरी झाली पाहिजे, नाहीतर ड्रायव्हर गाडीवरून खाली. हे २४ तास घड्याळाचे आहेत, कामाच्या दिवसांचे नाहीत. शनिवार-रविवार धरूनच. पूर्ण क्वेरीला ड्रायव्हरची ऑनलाइन संमती लागते हे वर आलंच. मग शुक्रवारी संध्याकाळी साठ ड्रायव्हरांची खेप चालवणाऱ्याचं काय होईल विचार करा: नोंद सापडलेला माणूस वायोमिंगच्या कुठल्या तरी रस्त्यावर, फोनला रेंज नाही, ऑफिस बंद. म्हणून खेप अमेरिकेच्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी चालवा. भारतात तेव्हा संध्याकाळ असते, तुमची पाळी नुकतीच सुरू होत असते, हाताशी अख्खी रात्र.

‘नोंद सापडली’ म्हणजे दोषी नव्हे. जुनं प्रकरण मिटवून फॉलो-अपवर असलेल्याचीही नोंद सापडते. पूर्ण क्वेरीचं उत्तर येण्याआधी कोणाला काढून टाकू नका.

काय घडलं की कोण नोंदवतो

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने नोंद केली असेल.

ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आली, नमुन्यात भेसळ निघाली किंवा नमुना बदललेला निघाला, तर नोंद एमआरओ म्हणजे निकाल तपासणारा डॉक्टर करतो, दोन कामकाजाच्या दिवसांत. कंपनीने तीच नोंद पुन्हा करायची नाही. कंपनीने नोंदवायचं ते असं: श्वासाच्या खात्रीच्या टेस्टमध्ये ०.०४ किंवा जास्त अल्कोहोल, दारूच्या टेस्टला नकार, ड्रग टेस्टला न जाणं यांसारखे एमआरओपर्यंत न पोहोचणारे नकार, कंपनीला प्रत्यक्ष कळलेला भंग, परतीच्या टेस्टचा निगेटिव्ह निकाल, आणि फॉलो-अप टेस्ट पूर्ण झाल्याची नोंद. मुदत: माहिती मिळाल्याच्या दिवसानंतरचा तिसरा कामकाजाचा दिवस संपेपर्यंत.

उदाहरण घेऊ. समजा ड्रायव्हरची रँडम अल्कोहोल टेस्ट शुक्रवारी दुपारी चार वाजता शिकागोत झाली, खात्रीचा आकडा ०.०५१ आला आणि डीईआरला तेव्हाच फोन आला. भारतात तेव्हा शनिवारची पहाट. मुदत शनिवारपासून मोजायची नाही आणि शुक्रवारही धरायचा नाही. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. तिकडचा बुधवार संपायच्या आत नोंद गेली पाहिजे. मध्ये ‘लेबर डे’चा सोमवार आला तर गुरुवार. तुमच्या तक्त्यात तारखा नेहमी अमेरिकी वेळेने लिहा आणि सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवा. ड्रायव्हरला गाडीवरून उतरवणं मात्र त्याच मिनिटाला. त्याला तीन दिवस नाहीत.

आकडा ०.०२ ते ०.०३९मध्ये आला तर? निदान २४ तास गाडी द्यायची नाही, पण क्लिअरिंगहाउसमध्ये नोंद करायची नाही. तिथे अतिउत्साहाने नोंद केली तर ड्रायव्हरच्या माथी नाहक डाग बसतो. ओघात सांगतो, अमेरिकेत खासगी गाडीला बहुतेक राज्यांत ०.०८ची मर्यादा आहे, कमर्शियल ड्रायव्हरला ०.०४, आणि आपल्या मोटार वाहन कायद्यात सगळ्यांनाच १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. कायदा आपला कडक, नोंदवही त्यांची कडक.

‘प्रत्यक्ष कळलेला भंग’ ही नाजूक जागा आहे. ड्युटीवर पिताना अधिकाऱ्याने बघितलं, ड्रायव्हरने स्वतः कबूल केलं, किंवा कमर्शियल गाडी नशेत चालवल्याबद्दल पोलिसांनी तिकीट, म्हणजे आपल्याकडचं चलन, दिलं, असं असेल तर. घरच्या गाडीत सुट्टीच्या दिवशी पकडला गेला तर ते इथे येत नाही, त्याचे परिणाम लायसन्सवर वेगळे होतात. ऐकीव गोष्ट चालत नाही. कोणी, कुठे, कधी, काय पाहिलं याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि ते सगळं ड्रायव्हरला दिल्याचा दाखलाही. कंपनीची स्वेच्छेने सांगण्याची योजना नियमांप्रमाणे चालू असेल आणि ड्रायव्हर तीत ड्युटीपूर्वी येऊन ‘मला मदत हवी’ म्हणाला, तर ती कबुली भंग म्हणून नोंदवायची नाही. छोट्या कंपन्यांत ही योजना कागदावर नसते. असावी.

नकाराबद्दल एक बारकावा. टेस्टला न जाणं, मध्येच उठून जाणं, पुरेसा नमुना न देणं हे नकारात मोडतं आणि नकाराची शिक्षा पॉझिटिव्हइतकीच. लघवीचा नमुना ४५ मिलिलिटर लागतो. होत नसेल तर तीन तासांपर्यंत वेळ आणि ४० औंसांपर्यंत पाणी देतात. तेवढं करूनही झाला नाही तर डॉक्टरी कारण शोधलं जातं. लोडची घाई आहे म्हणून ड्रायव्हर पहिल्या तासातच निघून गेला, तर मात्र तो नकार झाला. टेस्टला पाठवतानाच त्याला हे सांगा. नोकरीपूर्व टेस्ट एवढी वेगळी: टेस्ट सुरू होण्याआधी उमेदवार निघून गेला तर तो नकार धरत नाहीत.

अपघातानंतरचं घड्याळ

प्रत्येक अपघातानंतर टेस्ट लागत नाही. कोणी दगावलं तर लागतेच, चूक कुणाचीही असो. दगावलं नाही, पण कोणाला जागेवरून दवाखान्यात न्यावं लागलं किंवा एखादी गाडी टो करावी लागली, तर आपल्या ड्रायव्हरला वाहतुकीचं तिकीट मिळालं असेल तरच. अल्कोहोलची टेस्ट दोन तासांत व्हावी. झाली नाही तर का नाही ते लिहून ठेवायचं, आणि आठ तासांनंतर प्रयत्न सोडून द्यायचा. ड्रग टेस्टला ३२ तास. मधल्या वेळात ड्रायव्हरने एक थेंबही घ्यायचा नाही, टेस्ट होईपर्यंत किंवा आठ तास उलटेपर्यंत. घाबरलेला माणूस हॉटेलवर जाऊन आधी तेच करतो. म्हणून पहिल्या फोनमध्ये, ‘लागलं का?’ विचारल्यावर, दुसरं वाक्य हेच.

रँडमचं थोडक्यात: ड्रायव्हरांच्या सरासरी संख्येच्या निदान ५० टक्के इतक्या ड्रग टेस्ट आणि १० टक्के इतक्या अल्कोहोल टेस्ट वर्षाला. ड्रगचं प्रमाण २०१९पर्यंत २५ टक्के होतं. निवड संगणकाने, सूचना अचानक, आणि सूचना मिळाली की ताबडतोब निघायचं. निवड झालेलं नाव ‘तो सुट्टीवर आहे’ म्हणून बाजूला पडतं आणि विसरलं जातं, ते तुमच्या तक्त्यात लाल रंगात राहू द्या.

गांजा, भांग आणि खसखस

टेस्टमध्ये पाच गट असतात: गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन्स, ओपिऑइड्स (अफूच्या जातीची) आणि पीसीपी (भ्रम आणणारं एक ड्रग). सापडणाऱ्यांत गांजा सगळ्यात पुढे, दरवर्षी. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, इलिनॉय अशा राज्यांत गांजा दुकानात मिळतो, म्हणून ड्रायव्हरला वाटतं आपण कायदा मोडला नाही. संघराज्याच्या टेस्टला राज्याची परवानगी लागू होत नाही, डॉक्टरने दिलेलं गांजाचं कार्डही नाही. सीबीडीचं (गांजाच्या झाडातूनच काढलेल्या घटकाचं) तेल सांधेदुखीला लावलं हेही कारण एमआरओ मान्य करत नाही.

आपल्या माणसांसाठी जोड: होळीला गावी येऊन भांग घेतली आणि परत गेल्यावर रँडमला नाव निघालं, तर ती गांजाचीच पॉझिटिव्ह. मूत्रात ती कित्येक दिवस सापडते. इथून नेलेल्या खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा, एमआरओ फोन करून तीच मागतो, आणि तो फोन उचला. अनारशांवरच्या खसखशीला मात्र फार घाबरू नका. खसखशीमुळे चुकीचे निकाल येत म्हणून मॉर्फीन-कोडीनची मर्यादा १९९८मध्येच ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली आहे.

पॉझिटिव्हचा निकाल पटला नाही तर ड्रायव्हरला एमआरओने कळवल्यापासून ७२ तासांत राखून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीची टेस्ट मागता येते. हे ७२ तास बरेच जण रागात आणि फोनाफोनीत घालवतात.

प्रतिबंधित झाल्यावर परतीची वाट

१८ नोव्हेंबर २०२४पासून यातली गंमत संपली. आता प्रतिबंधित ड्रायव्हरची माहिती राज्याच्या लायसन्स खात्याला जाते आणि कळल्यापासून ६० दिवसांत राज्य त्याचा कमर्शियल दर्जा काढून घेतं. पूर्वी तो लायसन्स खिशात ठेवून, क्वेरी न करणाऱ्या एखाद्या मालकाकडे चाकावर बसू शकायचा. आता रस्त्यावरच्या तपासणीत लायसन्सच साथ देत नाही.

परतायचं तर क्रम ठरलेला आहे. कंपनीने एसएपी म्हणजे व्यसन-मूल्यमापन तज्ज्ञांची यादी द्यायची. त्याला परत घ्या किंवा काढा, यादी द्यावीच लागते. ड्रायव्हर त्यातला तज्ज्ञ निवडतो, मूल्यमापन होतं, तो सांगेल ते शिक्षण किंवा उपचार होतात, पुन्हा मूल्यमापन होतं आणि तज्ज्ञ ‘टेस्टसाठी पात्र’ अशी नोंद करतो. मग परतीची टेस्ट, कर्मचाऱ्याच्या थेट देखरेखीखाली. ती निगेटिव्ह आल्याची नोंद झाली की ‘प्रतिबंधित’चा शिक्का निघतो. त्यानंतर पहिल्या १२ महिन्यांत निदान सहा फॉलो-अप टेस्ट, आणि तज्ज्ञाने ठरवलं तर एकूण पाच वर्षांपर्यंत. त्याही देखरेखीखालीच. या रँडमच्या वरच्या असतात, रँडमला नाव आलं म्हणून फॉलो-अप वजा होत नाही. किती आणि कधी, हे ड्रायव्हरला सांगायचं नाही.

अडचण अशी की परतीची टेस्ट मालकाने करवून घ्यायची असते. नोकरी गेलेल्याला ती करवणारा कोणी नसतो, आणि टेस्ट होईपर्यंत नवा मालक गाडी देत नाही. हा तिढा नियमाने सोडवलेला नाही. एखादी कंपनी घ्यायला तयार होऊन टेस्ट करवते तेव्हाच सुटतो. प्रतिबंधित असलेल्यांपैकी बहुतेक जण परतीची प्रक्रिया सुरूच करत नाहीत, त्यात या तिढ्याचा आणि तज्ज्ञाच्या फीचा वाटा असणार असं मला वाटतं. प्रक्रिया पूर्ण केलेल्याची नोंद भंगाच्या तारखेपासून पाच वर्षांनी आणि फॉलो-अप संपल्यावर, यातलं जे उशिराचं तेव्हा मालकांना दिसायची थांबते. पूर्ण न केलेल्याची राहतेच.

कागद आणि ऑडिट

नव्या कंपनीचं सुरक्षा-ऑडिट पहिल्या १२ महिन्यांत होतं. टेस्टिंगची व्यवस्थाच नसणं, रँडमची व्यवस्था नसणं, किंवा पॉझिटिव्ह आल्याचं माहीत असून ड्रायव्हरला गाडी देणं, यातलं एक जरी निघालं तरी ऑडिट थेट नापास. तेव्हा फोल्डर आधीच लावून ठेवा: ड्रायव्हरच्या सहीसकट कंपनीचं धोरण, पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाचे दाखले (अल्कोहोलवर एक तास, ड्रग्जवर एक तास), क्वेरींची यादी, संमतीचे फॉर्म, सी-टीपीएचा करार. क्वेरी आणि संमतीच्या नोंदी तीन वर्षं, पॉझिटिव्ह आणि नकाराचे निकाल पाच वर्षं, निगेटिव्ह एक वर्ष. हे सगळं ड्रायव्हरच्या नेहमीच्या फाइलपासून वेगळं, कुलपात.

आणि व्हॉट्सअ‍ॅप! ‘याची नोंद सापडली रे’ म्हणून स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. क्लिअरिंगहाउसची माहिती फक्त ‘याला गाडी द्यायची की नाही’ एवढं ठरवायला वापरता येते. डिस्पॅचला कळवायचं ते इतकंच: ‘हा ड्रायव्हर आज उपलब्ध नाही.’ कारण विचारलं तरी उत्तर तेच.

नोंदच चुकीची असेल तर

टेस्टच्या निकालाशी वाद असेल तर तो इथे घालता येत नाही. पण माहिती चुकीची भरली गेली असेल, दुसऱ्याच्या सीडीएल नंबरवर नोंद पडली असेल, किंवा कंपनीने पुराव्याशिवाय ‘प्रत्यक्ष कळलं’ म्हणून टाकलं असेल, तर ड्रायव्हर एफएमसीएसएकडे दुरुस्तीचा अर्ज करू शकतो. तिकीट मिळालं पण कोर्टात दोषी ठरला नाही, तर तो कागद नोंदीला जोडून घेता येतो. अर्जावर ४५ दिवसांत निर्णय येतो. चुकीच्या नोंदीमुळे रोजगारच थांबला असेल तर तसं लिहून तातडीची सुनावणी मागायची, मग १४ दिवस. अर्जात भावना कमी आणि कागद जास्त घाला: लायसन्सची दोन्ही बाजूंची प्रत, टेस्टच्या फॉर्मची ड्रायव्हरची प्रत, त्या दिवशीचा लॉग, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या वेळांची नोंद. टेस्टच्या फॉर्मची ती प्रत ड्रायव्हर बहुधा टेस्ट सेंटरच्या दारातच फेकून देतो, म्हणून टेस्ट झाली की तिचा फोटो लगेच मागवून घ्या.